लंडनमधला टीबी आणि आमची तिमाही परीक्षा

इंग्लंडला येण्याआधी तुम्ही छातीचा एक्स-रे काढला असणार. मुंबईत म्हणा, पुण्यात म्हणा. उपाशीपोटी जायचं की खाऊन, यावर व्हॉट्सअॅपवर चर्चाही झाली असेल. मग टीबी नसल्याचं प्रमाणपत्र हातात पडलं, ते व्हिसाच्या फायलीत लागलं आणि विषय संपला. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहायला येणाऱ्या भारतीयांना हे प्रमाणपत्र लागतंच. पूर्वी ही तपासणी हीथ्रो आणि गॅटविकला विमानातून उतरल्यावर व्हायची. २०१२ पासून ती पद्धत मोडीत निघाली आणि निघण्याआधीच, आपल्या देशात, तपासून यायचं असं ठरलं.

मी पश्चिम लंडनमधल्या एका टीबी क्लिनिकमध्ये नर्स आहे. आपल्याकडचा पेशंट समोर येऊन बसला की पहिलं वाक्य ठरलेलं : "सिस्टर, पण माझा एक्स-रे तर क्लिअर होता!" आणि तो खोटं बोलत नसतो. एक्स-रे क्लिअरच असतो. पण तो त्या दिवशीचा, फक्त छातीचा फोटो असतो. टीबीचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो, तो एक्स-रेमध्ये दिसत नाही. शिवाय टीबी फक्त छातीतच होतो असंही नाही. मानेतल्या गाठी, मणका, डोळा, पोट, कुठेही होतो. इंग्लंडमधल्या टीबीच्या पेशंटपैकी निम्म्याच्या आसपास लोकांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा असतो, आणि भारतीय उपखंडातून आलेल्यांमध्ये हे प्रमाण विशेष. त्यांना खोकला नसतो. कित्येकांना तापही येत नाही.

मध्यंतरी नाशिककडचा एक मुलगा आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, आयटीतला, तीन मित्रांबरोबर घर शेअर करून राहणारा. वजन उतरलं तर तो म्हणायचा, स्वतःच्या हातचं खातोय ना. रात्री घाम यायचा तर म्हणायचा, हीटिंग जास्त लागतंय. मानेला एक गाठ आली, दुखत नव्हती. जीपीकडे गेला, अँटिबायोटिक मिळालं. गाठ तशीच. पुन्हा गेला, दुसरं अँटिबायोटिक. असे चार महिने गेले. एका रविवारी घरी व्हिडिओ कॉल चालू असताना आजी आईच्या मागून डोकावली आणि म्हणाली, "मान अशी काय सुजलीय रे याची? गंडमाळ तर नव्हे?" पोराने हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी जीपीकडे जाऊन त्याने जमेल तसा समजावून सांगितला, आणि तिथून पुढे सुई घालून तपासणी, मग आमच्याकडे. मराठीत बोलायला लागल्यावर ‘सिस्टर’ची ‘ताई’ झाले. मग त्याने पहिलं काय विचारलं असेल? "ताई, घरी मित्रांना सांगावं लागेल का?"

त्या डॉक्टरांना नावं ठेवावीत म्हणून हे सांगत नाही. एखाद्या इंग्लिश जीपीच्या वाट्याला कित्येक वर्षांतून एखादाच टीबीचा पेशंट येतो. त्याच्या आधीच्या पिढीने सॅनेटोरियम पाहिली होती, खोकल्याच्या आवाजावरून त्यांना संशय यायचा. ती पिढी केव्हाच निवृत्त झाली. २०११ मध्ये इंग्लंडात टीबीचे आठ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. पुढच्या दहा वर्षांत आकडा पाच हजारांच्या खाली उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. २०२३ मध्ये तो पुन्हा चढला आणि २०२४ मध्ये परत पाच हजारांच्या वर गेला. परदेशात जन्मलेल्या रुग्णांमध्ये भारतात जन्मलेले सर्वांत जास्त. रोग कमी होत गेला तसे तो ओळखणारे डोळेही कमी होत गेले, आणि आता रोग परत वाढू लागलाय तर त्या डोळ्यांची तूट जाणवतेय. म्हणून आमच्या कामात औषधांइतकंच महत्त्व आहे ते शिकत राहण्याला. कामाला लागल्यानंतरच्या, नोकरी करता करता चालू असलेल्या शिक्षणाला.

कागदावर इथे त्याची व्यवस्था चोख आहे. डॉक्टरांना दर पाच वर्षांनी रीव्हॅलिडेशन करावं लागतं, म्हणजे आपण अजून डॉक्टर म्हणून काम करायला लायक आहोत हे दाखवून द्यावं लागतं. हे २०१२ च्या डिसेंबरपासून. आम्हा नर्सना २०१६ पासून. आमचा हिशेब असा : तीन वर्षांत किमान ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास शिक्षण, त्यातले २० तास इतरांबरोबर बसून केलेलं शिक्षण, एकटीने स्क्रीनपुढे बसून नव्हे. शिवाय पाच लोकांचे अभिप्राय आणि पाच टिपणं, म्हणजे अमुक प्रसंगातून मी काय शिकले आणि आता वेगळं काय करते, हे लिहून काढायचं.

आता खरं सांगू का? यातलं बरंचसं शिक्षण यथातथाच असतं. आग लागली तर काय करावं, जड वस्तू कशी उचलावी, पासवर्ड कसा ठेवावा, असे धडे दरवर्षी कंप्युटरवर करावे लागतात. पुढे, पुढे, पुढे असं क्लिक करत जायचं, शेवटी दहा प्रश्न, ऐंशी टक्के मिळाले की सर्टिफिकेट. रात्रपाळी संपवून आलेली नर्स ते कसं करते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. परिषदांना जाऊन सँडविच खाऊन सही करून येणारेही सगळ्या देशांत असतात. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मागते, तिथेही अशा सह्या होत नसतील असं कोण म्हणेल?

पण एक गोष्ट मात्र खरोखर शिकवते, आणि तिची मला आजही धाकधूक असते. तिचं नाव कोहॉर्ट रिव्ह्यू. दर तीन महिन्यांनी होतो. सहा-नऊ महिन्यांपूर्वी नोंद झालेल्या प्रत्येक पेशंटबद्दल, एकही न वगळता, त्याच्या नर्सने उभं राहून दोन-तीन मिनिटांत सांगायचं. नाव नाही, फक्त आद्याक्षरं. वय किती, टीबी कुठला, थुंकीचं कल्चर केलं का, एचआयव्हीची तपासणी झाली का, गोळ्यांना जंतू दाद देतो का, उपचार पूर्ण झाले का, नसतील तर का नाही, संपर्कातले किती जण शोधले, त्यातले प्रत्यक्ष किती तपासले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अध्यक्ष म्हणून बसलेले डॉक्टर आमच्या विभागाचे नसतात, मुद्दाम बाहेरून बोलावलेले असतात. ते सौम्य आवाजात विचारतात : "घरात चार जण राहतात म्हणालात. तपासले तीन. चौथ्याचं काय?"

त्या चौथ्यापाशी भल्याभल्यांची बोलती बंद होते. तो चौथा म्हणजे रात्रीच्या शिफ्टला वेअरहाऊसमध्ये जाणारा, फोन न उचलणारा, पत्राला उत्तर न देणारा माणूस. त्याला गाठायला संध्याकाळी सहानंतर दार वाजवावं लागतं. हे कुठल्याही पुस्तकात नाही. पण एका सहकारी नर्सने बैठकीत सांगितलं की तिने फ्लॅटखालच्या दुकानदाराकडे निरोप ठेवला, तर पुढच्या तिमाहीत आम्ही तिघी-चौघी तसाच निरोप ठेवायला लागलो. (निरोपात टीबीचा ट सुद्धा नाही, एवढी काळजी घेऊन.) फिजिओथेरपीच्या यादीत पाठदुखी म्हणून पाच महिने अडकलेली एक बाई मणक्याच्या टीबीची निघाली, हे ऐकल्यावर त्या खोलीतल्या कुणीही पुढे पाठदुखीला नुसती पाठदुखी म्हटलं नाही. नाशिकच्या मुलाची केसही अशीच मांडली गेली. अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवलं की त्या भागातल्या जीपींसाठी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तासाभराचं सत्र घ्यायचं, विषय एकच : न दुखणारी गाठ. सत्राला मीही गेले होते. ‘गंडमाळ’ हा शब्द मी फळ्यावर देवनागरीत लिहिला आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतला. ‘ळ’ काही केल्या कुणाला जमला नाही, पण आजीबाई ऐन मोक्याला काय म्हणाल्या हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

ही बैठकीची पद्धत इंग्लंडने शोधली असं कुणाला वाटत असेल तर थांबा. तिचा प्रवास मोठा गमतीचा आहे आणि त्यात आपला वाटा आहे.

मूळ धागा मद्रासचा. १९५६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे डॉ. वॉलेस फॉक्स मद्रासला गेले. तोवर टीबी झाला की सॅनेटोरियम, हे समीकरण पक्कं होतं. आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर किंवा मिरजेजवळचं वानलेसवाडीचं सॅनेटोरियम आठवणारे वाचक असतील. चांगली हवा, दूध, अंडी, पूर्ण विश्रांती. मद्रासमध्ये गरीब पेशंटचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी, चाळीत, दाटीवाटीत. दोघांना औषधं तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. जगभर सॅनेटोरियमची सद्दी संपली, ब्रिटनमध्येही. पण मग नवा प्रश्न आला. घरी असलेला माणूस गोळ्या घेतोच कशावरून? तिथून पुढे समोर बसवून गोळी घ्यायला लावण्याची कल्पना वाढत गेली. आज लंडनमध्ये मी ज्याच्या घरी जाऊन गोळ्या गिळताना पाहते, त्यामागे मद्रासच्या त्या वस्त्या आहेत.

दुसरा धागा आफ्रिकेतला. कारेल स्टिब्लो नावाच्या डॉक्टरांनी टांझानियात तिमाही हिशेबाची रीत घालून दिली. या तीन महिन्यांत जेवढे पेशंट नोंदले, त्या सगळ्यांचं पुढे काय झालं? बरे झाले, वारले, पळाले, निकामी ठरले, प्रत्येकाचा जमाखर्च. १९९० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये टीबी हाताबाहेर गेला तेव्हा तिथले तरुण अधिकारी टॉम फ्रीडन स्टिब्लोंना भेटले. तुमच्याकडे किती पेशंट नोंदले गेले हे कळलं, पण बरे किती झाले, असं स्टिब्लोंनी विचारलं आणि आपल्याकडे उत्तर नव्हतं, असं फ्रीडन यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. न्यूयॉर्कच्या महापालिकेने मग टांझानियाची रीत उचलली आणि प्रत्येक पेशंटची उभं राहून उजळणी सुरू केली. तेच फ्रीडन १९९६ ते २००२ भारतात होते, आपला सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहत असताना. आणि न्यूयॉर्कहून ती बैठक लंडनला आली. मद्रास, टांझानिया, न्यूयॉर्क, दिल्ली, लंडन. साहेबाने शिकवलं आणि आपण शिकलो, असं साधं सरळ हे नाही.

खरं तर सुरुवात तशीच झाली होती. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या मागे केपेल स्ट्रीटवर स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची इमारत आहे. कधी गेलात तर मान वर करून बघा. बाल्कन्यांवर सोनेरी मुलाम्याचे डास, पिसवा, उंदीर, साप बसवलेले आहेत. लग्नाच्या हॉलला तोरण लावतात तसे. पिसू आणि उंदीर पाहिल्यावर मराठी माणसाला १८९७ चं पुणं आठवल्याशिवाय राहत नाही. लिव्हरपूलची संस्था १८९८ ची, लंडनची १८९९ ची. दोन्हींचा हेतू उघड होता : वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या रोगांचं जुजबी ज्ञान देऊन बोटीवर चढवणं. उष्ण देशांतल्या रोगांची तीन महिन्यांची पदविका आजही चालते आणि नर्ससाठीही वेगळा अभ्यासक्रम आहे. फरक एवढाच की पूर्वी विद्यार्थी इथून तिकडे जायला शिकायचे, आता वर्गात निम्मे चेहरे तिकडचे असतात आणि इंग्लिश डॉक्टर शिकून कुठे जातात तर बसने ईस्ट लंडनला!

सेंट ऑल्बन्सचा एक जुना उद्योगही इथे सांगायला हवा. डॉ. डेव्हिड मॉर्ली हे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थमधले बालरोगतज्ज्ञ, नायजेरियाच्या खेड्यात काम करून आलेले. त्यांच्याकडे शिकायला येणारे परदेशी डॉक्टर जाताना म्हणायचे, तुमच्या स्लाइड्स आम्हाला द्या, गावाकडे शिकवायला. त्यातून १९६५ मध्ये टॅल्क ही संस्था निघाली. स्लाइड्सचा संच, बरोबर लिहिलेलं निवेदन, स्वस्तात, पोस्टाने. मीठ-साखरेच्या पाण्यासाठी दोन टोकांचा प्लास्टिकचा चमचाही त्यांचाच, एका टोकाने साखर मोजायची, दुसऱ्याने मीठ. इंटरनेटच्या आधी खेड्यातल्या आरोग्य सेवकापर्यंत पोहोचलेलं असं शिक्षण म्हणजे पाकिटातून आलेलं पुस्तक, तेवढंच. आज मोबाइलवर पाहिजे तेवढे कोर्स फुकट आहेत. वेळ मात्र फुकट मिळत नाही.

शिकणं थांबलं की काय होतं याचं उदाहरण शोधायला मला मुंबईच्या बाहेर जावं लागत नाही. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना विचारलं, टीबीच्या पेशंटला काय लिहून द्याल? शंभर जणांनी मिळून ८० वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना लिहिली. जवळजवळ माणशी एक! वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न तिथेच पुन्हा विचारला. १०६ डॉक्टर, ६३ योजना, आणि बरोबर लिहिणारे फक्त सहा. हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. हे डॉक्टर काही राक्षस नव्हते. बहुतेकांना वस्तीत मान होता, रात्री-अपरात्री दार उघडणारे होते. पण कॉलेज सोडल्यावर त्यांना पुन्हा कुणी शिकवलंच नव्हतं. आले ते औषध कंपनीचे प्रतिनिधी. चुकीच्या, अर्धवट, जास्तीच्या गोळ्यांनी जंतू मरत नाही, निर्ढावतो. मुंबईतला औषधांना न जुमानणारा टीबी आज जगाला माहीत आहे, आणि तो विमानाने इकडेही येतो. लंडनमध्ये तशा एकेका पेशंटवर चर्चा करायला तज्ज्ञ एकत्र बसतात तेव्हा पेशंटने पूर्वी काय घेतलं हे कळावं म्हणून मी कित्येकदा मुलुंडला, परभणीला, कुठल्या कुठल्या मेडिकल स्टोअरला फोन लावलेले आहेत. साडेचार-साडेपाच तासांचा फरक सांभाळून.

माझी नणंद सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आशा आहे. सुरुवातीला २३ दिवसांचं प्रशिक्षण, तेही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. मग दर महिन्याला तालुक्याला बैठक. टीबीचा पेशंट तिच्या देखरेखीखाली पूर्ण बरा झाला की हजार रुपये मानधन, ते खात्यावर कधी येईल तो तिचा वेगळाच विषय. एकदा फोनवर मी तिला माझ्या रीव्हॅलिडेशनचं कौतुकाने सांगत होते. पाच टिपणं लिहायची वगैरे. ती म्हणाली, "वहिनी, आम्हाला कोण लिहायला सांगतंय? आम्हाला म्हणतात फॉर्म भरा." नंतर तिनेच विचारलं, "तुमचे लोक गोळ्या घेतल्या म्हणून थाप मारतात की नाही?" मी म्हटलं, मारतात की. आता तर व्हिडिओवर पाहतो आम्ही, गोळी जिभेवर ठेवून गिळायची आणि फोनवरून पाठवायची. (इंग्लंडमध्ये या पद्धतीची रीतसर चाचणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि समोर बसवून गोळी देण्यापेक्षा ती सरस ठरली.) नणंद हसली. "मी नुसती लघवीचा रंग विचारते. केशरी म्हणाला तर घेतलीय. आणि विचारते पण सकाळी-सकाळी, तोंड धुवायच्या आत. तेव्हा माणसाला थाप सुचत नाही."

रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सकाळी-सकाळीचं मात्र नव्हतं. पुढच्या कोहॉर्ट रिव्ह्यूत मी ते सांगितलं आणि अध्यक्षांनी विचारलं, हे कुठल्या पेपरमध्ये आलंय?

तिच्याकडून आणखी एक कळलं. टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. २०२३ मध्ये झारखंडमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशंटच्या घरच्यांना धान्य, डाळ, दूध पावडर दिल्याने त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. आमच्या विभागात हा लेख वाचून झाला तेव्हा एका इंग्लिश डॉक्टरने गंभीर चेहऱ्याने विचारलं की आपण पेशंटला ‘घरात काय शिजतं’ हे विचारतो का? नाही विचारत. आता फॉर्मवर तो प्रश्न आहे.

महाराष्ट्रात याहून जुनं आणि मोठं उदाहरण आहे ते जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेले. गावागावांतून त्यांनी बायका निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, आणि त्यांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. त्यांचं शिक्षण एकदा होऊन संपलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या आणि पुढचा धडा घेऊन परत जायच्या. कुष्ठरोग झालेल्याला घराबाहेर काढायचे दिवस होते. या बायकांनी बधिर चट्टे ओळखले, गोळ्या दिल्या, आणि आधी स्वतः त्या घरात चहा प्यायल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. आमच्या तिमाही बैठकीचं मला जेव्हा फार कौतुक वाटतं तेव्हा मी स्वतःला आठवण करून देते की तिथे ते दर आठवड्याला होत होतं, आणि वर्गात बसलेल्या बाईला वाचता येत नव्हतं.

आता थोडं कामाचं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे इकडे आहेत आणि उरलेल्यांची मुलं इकडे आहेत. तुम्ही १६ ते ३५ वयाचे असाल आणि गेल्या पाच वर्षांत भारतातून आला असाल, तर बऱ्याच भागांत जीपीकडून झोपलेल्या टीबीसाठी रक्ताच्या तपासणीचं पत्र येतं. ते जाहिरातीचं पाकीट समजून टाकू नका. निघाला तर साधारण तीन महिने गोळ्या, संपलं. इथे जन्मलेल्या तुमच्या बाळाला, आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असतील तर, बीसीजी फुकट मिळते. सगळ्याच मुलांना शाळेत देण्याची पद्धत २००५ मध्ये बंद झाली, त्यामुळे शेजारच्या इंग्लिश आईला याची कल्पना नसते. बाळ २८ दिवसांचं झाल्यावर देतात. पत्र आलं नाही तर हेल्थ व्हिजिटरला विचारा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना व्हिसासाठी एक्स-रे लागत नाही, तेव्हा बाबांचा खोकला तीन आठवड्यांवर गेला तर ‘इथली हवा मानवत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. टीबीची तपासणी आणि औषधं इथे सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो. जीपी म्हणाले की काही नाही, आणि तुमचं मन मानत नसेल, तर सरळ तोंडाने म्हणा : मी भारतातून आलोय, टीबी असू शकेल का? हे वाक्य इंग्लिशमध्ये म्हणायला आपल्या लोकांना फार लाज वाटते. म्हणजे आपण स्वतःच स्वतःवर शिक्का मारतोय असं वाटतं. पण समोरच्या डॉक्टरांच्या डोक्यात जो दिवा लागायला हवा तो कधी कधी पेशंटलाच लावावा लागतो.

नाशिकचा मुलगा सहा महिन्यांनी बरा झाला. मित्रांना त्याने सांगितलं. दोघांची तपासणी झाली, एकाच्या रक्तात झोपलेला जंतू निघाला, त्याच्या गोळ्याही संपल्या. तिसरा मात्र मधल्या काळात नोकरी बदलून मँचेस्टरला गेला होता. तिथल्या टीबी विभागाला मी कागद पाठवले, त्यांनी दोनदा पत्र टाकलं. पुढची बैठक या महिन्याच्या अखेरीला आहे, माझ्या यादीत अकरा पेशंट आहेत, आणि त्या मुलाच्या नावापुढच्या रकान्यात अजून ‘संपर्क तीन, तपासले दोन’ असंच आहे. काल त्याचा नवा नंबर मिळाला. आज संध्याकाळी सहानंतर लावून बघते.